कोणती ‘ट्राइब’ राहत होती या ‘केव्ह्ज’मध्ये?

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)



गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. माझा एक जुना विद्यार्थी सकाळी सकाळी घरी आला. आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातला, महादेव कोळी समाजातला हा मुलगा. मुलगा कसला, आता चांगला तिशीतला बाप्या आहे. घरची भातखाचरं बघतो, हंगामात हिरडा गोळा करतो आणि मधल्या दिवसांत जुन्नरला येणाऱ्या पाहुण्यांना लेणी, किल्ले दाखवतो. २०१८ साली सरकारनं जुन्नरला पर्यटन तालुका म्हणून जाहीर केलं आणि जुलै २०२५ मध्ये शिवनेरी इतर अकरा किल्ल्यांसह जागतिक वारसा यादीत गेला. तेव्हापासून परदेशी पाहुणेही अधूनमधून भेटतात. इंग्रजी जेमतेम असलं तरी गडी धीट आहे.

त्या दिवशी मात्र चेहरा उतरलेला होता. चहा पुढे केला तर म्हणाला, “सर, आधी एक सांगा. मी काल चुकीचं बोललो का?”

झालं होतं असं. लेण्याद्रीवर एका परदेशी बाईंनी त्याला विचारलं होतं, “व्हिच ट्राइब लिव्ड इन दीज केव्ह्ज?” वाक्य सोपं, सातवीच्या पोरालाही कळेल असं. प्रत्येक शब्दाचा अर्थ याला ठाऊक होता. पण उत्तर सुचेना. शेवटी वेळ मारून न्यायची म्हणून तो म्हणाला, “व्हेरी ओल्ड ट्राइब, मॅडम.” बाईंनी मान डोलावली. मग त्याच्याकडे निरखून बघत विचारलं, “युअर ट्राइब?” आणि हा “येस” म्हणून मोकळा झाला.

“रात्रभर झोप आली नाही, सर,” तो म्हणाला. “आमचे वाडवडील गुहेत राहत होते, असं मी त्यांना सांगून आलो की काय?”

श्रोतेहो, मी तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. केव्ह म्हणजे गुहा, ट्राइब म्हणजे जमात, एम्पायर म्हणजे साम्राज्य, टूम म्हणजे थडगं, असे शब्दार्थ फळ्यावर लिहून दिले आणि पोरांनी ते घोकले. त्या सकाळी लक्षात आलं की मी निम्मंच शिकवलं होतं. शब्दाचा अर्थ दिला, पण तो शब्द कुठून आला आणि कुठे बसत नाही, ते दिलंच नाही. मग आम्ही दोघांनी ठरवलं, त्याची शब्दांची वही घ्यायची आणि चार रविवार एकेका ठिकाणी जाऊन तो शब्द तिथे लावून बघायचा. त्या चार रविवारांचा हा वृत्तान्त.

पहिला रविवार अर्थातच लेण्याद्रीचा. तीनशेच्या आसपास पायऱ्या चढून वर गेलो. ‘केव्ह’ हा शब्द लॅटिनमधल्या पोकळ या अर्थाच्या शब्दावरून आला. पाण्यानं, वाऱ्यानं डोंगराला पडलेली पोकळी, तिथे अस्वल राहील नाहीतर आपला जुन्नरचा बिबट्या. पण लेण्याद्रीची सहाव्या क्रमांकाची जागा बघा. खांबांच्या दोन रांगा, टोकाला स्तूप, वर गजपृष्ठाकार छत, सगळं डोंगर वरून खाली कापत आणलेलं. इथे पोकळी ‘पडलेली’ नाही, कुणीतरी मापं घेऊन ती पाडली आहे. मराठीत या दोहोंना दोन शब्द आहेत, गुहा वेगळी आणि लेणं वेगळं. इंग्रजीत दोन्ही केव्ह. फर्ग्युसन आणि बर्जेस या दोघा साहेबांनी १८८० साली भारतातल्या लेण्यांवर मोठा ग्रंथ काढला, त्याचंही नाव ‘केव्ह टेम्पल्स’च. माणसं मोठी विद्वान होती, पण शब्द त्यांच्या भाषेत होता तेवढाच. आता अभ्यासक ‘रॉक-कट’ असं विशेषण जोडतात, म्हणजे खडकात कोरलेलं. माझ्या विद्यार्थ्याला मी म्हटलं, तेवढं एक विशेषण जोड, निम्मी चूक दुरुस्त होईल. जुन्नरभोवती अशी सुमारे दोनशे लेणी आहेत, गुहा मोजायला कुणी बसलेलं नाही.

आता ‘लिव्ड’. राहत कोण होतं? बौद्ध भिक्खू. पावसाळ्यात फिरणं बंद, म्हणून एका जागी राहायचं. मधे मोकळं दालन आणि तिन्ही बाजूंना लहान खोल्या, तो विहार. इंग्रजीत ‘मोनॅस्टरी’ म्हणतात. गंमत अशी की या शब्दाच्या मुळाशी ‘मोनोस’ म्हणजे एकटा हा ग्रीक शब्द आहे, आणि इथे तर सगळी व्यवस्था एकत्र राहण्याची! पाश्चात्त्य देशांतही पुढे एकटे तपस्वी एकत्र राहू लागले, नाव मात्र जुनंच राहिलं. लहान खोलीला ‘सेल’. हा शब्द ऐकताच माझ्या विद्यार्थ्याला बॅटरीचा सेल आठवला, मग तुरुंगाचा, मग जीवशास्त्रातली पेशी. सगळे एकच. रॉबर्ट हूक या शास्त्रज्ञानं १६६५ साली सूक्ष्मदर्शकातून बुचाचा पातळ काप पाहिला, त्यात लहान लहान खोल्या दिसल्या आणि त्यानं त्यांना सेल म्हटलं. म्हणजे आपल्या अंगातल्या पेशीचं इंग्रजी नाव खोल्यांवरून पडलेलं आहे. ‘तर मग प्रत्येकाच्या अंगात लेणी आहेत,’ असं तो म्हणाला. मी हसलो, पण वाक्य आवडलं.

भिक्खू राहत होते, पण लेणी खोदायचा खर्च केला कोणी? उत्तर भिंतीवर ब्राह्मी अक्षरांत आहे. जुन्नरच्या शिलालेखांत धान्याचे व्यापारी, बांबूचं काम करणारे, काशाची भांडी घडवणारे अशांच्या श्रेणींची नावं येतात. धान्यवाल्यांच्या श्रेणीनं सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याची ‘पोढी’ दान दिली. एका शक उपासकानं करंज आणि वडाच्या झाडांसाठी शेतं लावून दिली. या ‘श्रेणी’ला इंग्रजीत ‘गिल्ड’ म्हणतात, आणि हा शब्द मात्र बरा बसतो. युरोपातल्या मध्ययुगीन शहरांत विणकरांचे, सुतारांचे असे संघ होते. ते आपला माल, आपले भाव, आपले नियम सांभाळत आणि चर्चला दानही देत. आपल्या श्रेणी त्यांच्या हजार वर्षं आधीच्या, हा भाग वेगळा. आणि ‘पोढी’ला ‘सिस्टर्न’. घरातल्या संडासाच्या टाकीलाही इंग्रजीत सिस्टर्नच म्हणतात, हे पाहुण्याला सांगायची गरज नाही. आपण फक्त ‘ड्रिंकिंग वॉटर’ म्हणावं, म्हणजे घोटाळा नको.

दुसऱ्या रविवारी शिवनेरीचा पायथा आणि समोरचा मानमोडी डोंगर केला. इथे वहीत एक गंभीर चूक सापडली. ‘यवन : मुस्लिम’ असं त्यानं लिहून ठेवलं होतं. त्याचा दोष नाही. आपल्या बखरींपासून शाळेतल्या नाटकांपर्यंत यवन हा शब्द त्याच अर्थानं आपण ऐकत आलो. पण जुन्नरच्या लेण्यांत तीन यवनांची दानं नोंदली आहेत. इरिल यानं पाण्याच्या पोढ्या दिल्या, चिट यानं भोजनमंडप दिला आणि चंद यानं मानमोडीवरच्या चैत्याचं दर्शनी काम केलं. हे लेख इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकाच्या सुमाराचे. इस्लामचा उदय सातव्या शतकातला. पाचशे वर्षांचं अंतर आहे! यवन म्हणजे मूळचे आयोनियन, आशिया मायनरच्या किनाऱ्यावरचे ग्रीक. इराणी लोक त्यांना ‘यौन’ म्हणत, आपल्याकडे त्याचं यवन झालं. पुढे पश्चिमेकडून येणारा तो यवन, असा अर्थ सैल होत गेला. तेव्हा पाहुण्याला सांगताना ‘ग्रीक’ किंवा ‘फ्रॉम द ग्रीक वर्ल्ड’ म्हणावं. नाहीतर पहिल्या शतकातल्या एका बौद्ध दात्याला आपण उगाच भलत्या भांडणात ओढू. इरिल आणि चिट यांच्या नावापुढे ‘गत’ असाही शब्द येतो. काही युरोपीय पंडितांनी त्याचा संबंध तिकडच्या गॉथ टोळीशी लावून पाहिला, पण ते मत काही टिकलं नाही. ध्वनी सारखा दिसला की धाव घ्यायची, ही खोड विद्वानांनाही असते.

मानमोडीवरच नहपान या महाक्षत्रपाचा अमात्य अयम याचा लेख आहे. वर्ष ४६ असा आकडा त्यात आहे, पोढी आणि मंडप दिल्याची नोंद आहे. हा ‘क्षत्रप’ शब्द ऐका. इंग्रजीत ‘सॅट्रप’ असा शब्द आहे आणि तो वहीत कुठेच नव्हता. प्राचीन इराणी साम्राज्यात प्रांताच्या अधिकाऱ्याला राज्याचा रक्षक या अर्थाचं एक नाव होतं. तेच नाव पश्चिमेला ग्रीकांच्या तोंडी गेलं, तिथून लॅटिनमधून इंग्रजीत आलं आणि सॅट्रप झालं. तेच नाव शकांबरोबर पूर्वेला आलं आणि आपल्याकडे क्षत्रप झालं. त्यातला ‘क्षत्र’ आपल्या क्षत्रियातलाच. एकाच गावचे दोन भाऊ दोन दिशांना जावेत आणि दोन हजार वर्षांनी जुन्नरच्या डोंगरावर भेटावेत, तसे हे शब्द. इथे भाषांतर करायचं काही कामच नाही, नुसती ओळख करून द्यायची.

याला जोडूनच दुसरी ओळख. गावाजवळ हापूसबागेकडे मोठा दगडी घुमट आहे, सौदागर घुमट म्हणतात, कुणी हबशी घुमटही म्हणतात. निजामशाहीच्या काळातल्या जुन्नरची आठवण सांगणारी ही वास्तू. वहीत तिच्यापुढे ‘टूम’ लिहिलं होतं. चूक नाही, पण टूम म्हणजे साधं थडगंही. एवढ्या भव्य कबरीच्या इमारतीला इंग्रजीत ‘मॉसोलियम’ म्हणतात. हा शब्द मॉसोलस नावाच्या माणसावरून आला. इसवी सनापूर्वी ३५३ मध्ये तो वारला. हॅलिकार्नासस इथे, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या बोडरूमला, त्याची एवढी प्रचंड कबर उभी राहिली की प्राचीन जगाच्या सात आश्चर्यांत तिची गणना झाली. हा मॉसोलस होता कोण? इराणी साम्राज्याचा एक सॅट्रप! म्हणजे मानमोडीवरचा क्षत्रप आणि हापूसबागेतला घुमट या दोघांची इंग्रजी नावं एकाच दरबारातून आलेली आहेत. हे मी त्याला घुमटासमोर उभं राहून सांगितलं, तेव्हा त्यानं वही मिटली आणि नुसताच बघत राहिला.

वास्तुशास्त्रातले शब्द तर फार सुरेख निघाले. शिवनेरीवरची कमानी मशीद तुम्ही पाहिली असेल, पाण्याच्या टाक्यावर बांधलेली, दोन मिनार आणि त्यांना जोडणारी अधांतरी कमान. इंग्रजीत ‘आर्च’. लॅटिनमध्ये ‘आर्कस’ म्हणजे धनुष्य. आणि आपली कमान? फारसीत कमान म्हणजे धनुष्यच. आपण तीरकमान म्हणतोच की. दोन भाषांतल्या गवंड्यांना दगडांची ती वाकडी ओळ बघून एकच वस्तू आठवली. ‘मॉस्क’ आणि मशीद हेही एकाच अरबी शब्दाचे दोन अवतार. मात्र चैत्याच्या दर्शनी खिडकीपाशी दृष्टी वेगळी होते. इंग्रज तिला ‘हॉर्स-शू’ म्हणतो, म्हणजे घोड्याचा नाल. आपण म्हणतो पिंपळपान. वस्तू एक, पण त्याच्या डोळ्यांपुढे तबेला आणि आपल्या डोळ्यांपुढे बोधिवृक्ष. मी विद्यार्थ्याला म्हटलं, तू दोन्ही सांग. ग्रंथातला शब्दही कळेल आणि आपलाही.

‘कॅपिटल’नं मात्र आम्हाला पुरतं दमवलं. लॅटिनमध्ये ‘कापुट’ म्हणजे डोकं. त्यावरून खांबाचा माथा तो कॅपिटल, राज्याचं मुख्य शहर ते कॅपिटल, आणि धंद्याचं भांडवल तेही कॅपिटल. लेण्याद्रीच्या खांबांवर घट आणि प्राणी कोरलेले कॅपिटल आहेत, ते कोरायला लागलेलं कॅपिटल दात्यांनी आणि श्रेणींनी पुरवलं, आणि मलिक अहमदनं १४९० साली बहमनींपासून स्वतंत्र होऊन निजामशाही सुरू केली तेव्हा त्याचं ठाणं जुन्नरला होतं. पुढे त्यानं वसवलेलं अहमदनगर, म्हणजे आजचं अहिल्यानगर, हे कॅपिटल झालं. मलिक अंबरच्या काळात काही वर्षं तो मान पुन्हा जुन्नरला मिळाला. ‘जुन्नरमध्ये तिन्ही कॅपिटल आहेत,’ हे त्याचं नवं पेटंट वाक्य. पाहुण्यांना आवडतं म्हणे.

निजामशाहीवरून आठवलं. वहीत ‘निजामशाही एम्पायर’ लिहिलं होतं. एम्पायर हा शब्द रोमन सेनापतीच्या हुकमतीवरून आला, ‘इंपेरियम’ म्हणजे हुकूम करण्याचा अधिकार. अनेक देश, अनेक लोक एका हुकमतीखाली, ते एम्पायर. एका घराण्याची गादी पिढ्यान्‌पिढ्या चालली की ‘डायनेस्टी’. अहमदनगरची गादी ही ‘सल्तनत’, इंग्रजीतही ‘सल्तनेट’च. आणि तिचा हैदराबादच्या निजामाशी काही संबंध नाही, ते राज्य १७२४ नंतरचं. हे सांगावं लागतं, कारण आपलेच लोक गफलत करतात.

तिसरा रविवार नाणेघाटाचा. घाटाच्या तोंडाशी सातवाहनांचं लेणं आहे. तिथे भिक्खू राहत नव्हते. भिंतीवर राणी नागनिकेचा लेख आहे, यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या दानांची मोठी यादी आहे, आणि समोरच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. आता राहिली आहेत ती पावलं आणि वरची नावं. सातकर्णीला त्या लेखात दक्षिणापथाचा स्वामी म्हटलं आहे. मग याला एम्पायर म्हणावं का? माझं मत विचाराल तर नाणेघाटात उभं राहून ‘डायनेस्टी’ म्हणावं, कारण तिथे समोर घराणंच उभं आहे, सासरे, नवरा, राणी, मुलं. एम्पायर हा शब्द पुढच्या गौतमीपुत्रासाठी राखावा. नाशिकजवळ जोगळटेंभीला १९०६ साली नहपानाच्या तेरा हजारांहून जास्त चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, त्यातल्या दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्रानं आपला ठसा उमटवलेला होता. दुसऱ्याच्या चेहऱ्यावर आपला शिक्का, ही हुकमत नाही तर काय!

तिथल्या दगडी रांजणाशी ‘नाणेघाट पास’ असं कुणीतरी म्हणत होतं. घाट म्हणजेच पास, खिंडीतून चढणारी वाट. ‘नाणेखिंड खिंड’ म्हणण्यासारखं झालं. पण दोष साहेबाचा. त्यानं माळशेज घाट, नाणेघाट, बोरघाट ही नावं ऐकली, त्याला वाटलं डोंगरालाच घाट म्हणतात, आणि सह्याद्रीचं ‘वेस्टर्न घाट्स’ होऊन बसलं. आता ते नाव जगभर झालं, आपणही ‘पश्चिम घाट’ म्हणतो. उतरलेला शब्द परत वर चढवता येत नाही.

‘मेडीव्हल’बद्दल थोडक्यात. लॅटिनमध्ये मधलं युग. रोमचा पाडाव आणि युरोपातलं प्रबोधन यांच्या मधलं. आपल्याकडे रोमही पडलं नाही आणि ते प्रबोधनही झालं नाही, पण खण मात्र तोच आला. जेम्स मिल यानं १८१७ मध्ये भारताच्या इतिहासाचे हिंदू, मुस्लिम आणि ब्रिटिश असे भाग पाडले, पुढे त्यांनाच प्राचीन, मध्ययुगीन, अर्वाचीन अशी लेबलं लागली. कुकडीच्या उगमाजवळ पूरला कुकडेश्वराचं देखणं मंदिर आहे. ते कोणत्या खणात टाकायचं? आणि आपणही काही कमी नाही. दगडी मंदिर दिसलं की ‘हेमाडपंती’ म्हणून मोकळे होतो. हेमाद्री पंडित तेराव्या शतकातला, यादवांचा मंत्री. कुकडेश्वर त्याच्या आधीचं मानलं जातं. ‘चुन्याशिवाय रचलेलं’ असं सांगावं, इंग्रजीत ‘ड्राय मेसनरी’. त्यात कुणाचं श्रेय जात नाही.

आता चौथा रविवार. या रविवारी आम्ही कुठे गेलो नाही. त्याच्या घरी, ओटीवर बसलो. कारण उरलेला शब्द ‘ट्राइब’ होता आणि तो डोंगरावर जाऊन बघायचा नव्हता.

रोममध्ये ‘ट्रिबस’ म्हणजे नागरिकांचे विभाग. मत द्यायला, कर भरायला, सैन्यात नावं घालायला केलेले. म्हणजे मूळ ट्राइबवाला हा रोमचा पूर्ण नागरिक, टोगा घालून मतदान करणारा! पुढे बायबलच्या भाषांतरात इस्रायलच्या बारा वंशांना हा शब्द लागला. मग साम्राज्याच्या वेशीबाहेरच्या टोळ्यांना. आणि इंग्रज जगभर पसरले तेव्हा ज्यांचा राजा, कागद, कचेरी त्यांना दिसली नाही ते सगळे ट्राइब. अठराशे तीसच्या दशकात कॅप्टन मॅकिंटॉश यांनी महादेव कोळ्यांवर बारकाईनं लिहिलं, आजही अभ्यासकांना त्याचा उपयोग होतो. पण शीर्षकातच ‘ट्राइब’ बसला. ज्यांनी इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचललं, ते सरकारी कागदांत बंडखोर आणि दरोडेखोर झाले. राघोजी भांगरे यांना १८४८ साली ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिलं, ते याच समाजाचे. १८७१ मध्ये तर ‘क्रिमिनल ट्राइब्ज’ नावाचा कायदाच आला. जन्मानंच गुन्हेगार ठरवलेल्या जमाती. स्वतंत्र भारतात १९५२ साली तो रद्द झाला आणि त्या जमाती ‘विमुक्त’ झाल्या. इंग्रजीतला ‘कुली’ हा शब्दसुद्धा कोळी या नावावरून आला असावा, असं अनेक कोशकार मानतात. काही जण तो तमिळमधल्या मजुरी या अर्थाच्या शब्दाकडे नेतात. तो हे ऐकून काही बोलला नाही, नुसता सुपारी कातरत बसला.

मग म्हणाला, “म्हणजे तो शब्द टाकूनच द्यायचा का, सर? पण दाखला तर त्याच शब्दावर मिळतो.”

बरोबर आहे. १९५० च्या आदेशापासून ‘शेड्यूल्ड ट्राइब’ हा घटनेचा शब्द आहे. शेड्यूल म्हणजे यादी, मूळ अर्थ कागदाची चिठ्ठी. त्या यादीत महादेव कोळी आहेत, ठाकर आहेत, कातकरी आहेत. शिष्यवृत्ती, राखीव जागा, जमिनीचं संरक्षण, सगळं त्या चिठ्ठीवर. कातकऱ्यांसारख्या समाजांना तर सरकारी इंग्रजीत बरीच वर्षं ‘प्रिमिटिव्ह’, म्हणजे आदिम, असं विशेषण होतं. २००६ मध्ये ते बदललं आणि ‘विशेष असुरक्षित’ अशा अर्थाचं विशेषण आलं. कचेरीनंसुद्धा शब्द मागे घेतला, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. तेव्हा हा शब्द हक्काचा आहे, तो सोडायचा नाही. फक्त कचेरीतला शब्द लेण्यात नेऊन लावायचा नाही.

आणि एक गोष्ट मी त्याला सांगितली, जी त्याला अर्धवटच ठाऊक होती. जव्हारचं मुकणे घराणं महादेव कोळ्यांचं. सहा शतकांच्या आसपास त्यांनी राज्य चालवलं आणि १९४८ मध्ये ते संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. आता इंग्रजीत सांगा, ही ट्राइब की डायनेस्टी? दोन्ही. वहीत हे दोन शब्द वेगवेगळ्या पानांवर होते. त्यानं ‘डायनेस्टी’च्या पानावर सातवाहनांच्या खाली ‘मुकणे, जव्हार’ असं लिहिलं. जरा मोठ्या अक्षरात लिहिलं, असं मला वाटलं.

त्याची म्हातारी आई आतून सगळं ऐकत होती. ती म्हणाली, “गुरुजी, त्या बाईला सांगायचं ना, आमी गडाखाली राहातो, खाचरं करतो, लेण्यात द्येव राहातो.” सातव्या लेण्यात गिरिजात्मज गणपती आहे, त्यामुळे तिचंही चुकलं नाही. विहारात देव कधी आला, तो प्रश्न तिला पडत नाही.

मागच्या महिन्यात तो परत भेटला. त्याच प्रश्नाचा दुसरा पाहुणा मिळाला होता. या वेळी यानं सांगितलं : इथे कोणतीही ट्राइब राहत नव्हती, बौद्ध भिक्खू राहत होते, धान्याच्या आणि भांड्यांच्या व्यापाऱ्यांनी पैसे दिले, त्यात ग्रीक होते, शकही होते, मी महादेव कोळी, आमची माणसं या डोंगरात भात पिकवतात. पाहुण्यानं विचारलं, या जागेला तुमच्या भाषेत काय म्हणतात? यानं ‘लेणं’ सांगितलं. ‘ण’ काही त्या पाहुण्याला जमेना, पाच-सहा वेळा म्हणून बघितलं, दोघंही हसले.

“पण एका ठिकाणी अडलो, सर,” तो म्हणाला. “खाचराला काय म्हणायचं? मी पॅडी फील्ड म्हटलं. पण ते कसं, सपाट शेत वाटतं. बांध नाही त्यात, उतार नाही, वरच्या खाचराचं पाणी खालच्यात सोडणं नाही.”

मी दोन कोश पाहिले. अजून शोधतो आहे. त्याला तूर्त एवढंच सांगितलं की जुलैत येणाऱ्या पाहुण्याला सरळ आवणीला उतरव.